मूल परदेशी नेण्याविरुद्ध मनाई हुकूम घेताय? या चुका टाळा

कौटुंबिक न्यायालयाने तूर्तातूर्त (म्हणजे तात्पुरती) मनाई दिली की पक्षकार पेढे घेऊन येतात. हुकूम मिळाला म्हणजे मूल विमानतळावर अडवलं जाईलच असं नाही, हे सांगून सांगून माझा घसा बसलाय.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे हुकूम फाइलला लावून निवांत बसणं. एका प्रकरणात शुक्रवारी संध्याकाळी हुकूम झाला. आईने त्याचा फोटो सासरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, ‘आता बघतेच’ म्हणून. प्रमाणित नक्कल सोमवारी काढू, असं ठरलं. नवऱ्याने मुलाला घेऊन शनिवारी रात्रीचं दुबईचं विमान गाठलं. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याला संगणकावर दिसेल तेवढंच कळतं, आणि तिथे लुकआउट सर्क्युलर, म्हणजे देश सोडताना अडवा अशी सूचना, नव्हतं. हुकुमात पासपोर्ट क्रमांकही नव्हता, नुसतं ‘सदर अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) मूल’. बाई माझ्याकडे आल्या त्या हे सगळं घडून गेल्यावर. मुलं परत मिळवण्यासाठीच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही, यूएईही नाही. म्हणजे तिथल्या कोर्टात पहिल्यापासून लढा.

मी अर्जातच ब्युरो ऑफ इमिग्रेशनला असं सर्क्युलर काढण्याचे निर्देश द्यावेत अशी मागणी घालते. मुलाचं नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक. हुकूम झाला की त्याच दिवशी तातडीच्या नकलेचा अर्ज. नक्कल ईमेलने पाठवायची आणि हातपोचही करायची. पोच घेतल्याशिवाय मी जेवत नाही. ‘मॅडम, एवढी घाई कशाला?’ विचारणाऱ्यांना वरची गोष्ट ऐकवते.

दुसरी चूक पासपोर्टची. ‘कोर्टात जमा केलाय, आता जाणार कुठे?’ पोलिसांत हरवल्याची तक्रार देऊन दुसरा काढणारे महाभाग आहेत. म्हणून हुकूम पासपोर्ट कार्यालयातही द्या. देश सोडायला मनाई आहे हे लक्षात आणून दिलं, तर पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम १०(३)(एच) खाली असलेला पासपोर्ट जप्त होऊ शकतो आणि कलम ६(२)(जी) खाली नवा नाकारता येतो. मूल अमेरिकेत जन्मलेलं असेल तर मात्र आपलं पासपोर्ट कार्यालय काय करणार? त्यांच्या परराष्ट्र खात्याच्या ‘चिल्ड्रन्स पासपोर्ट इश्युअन्स अलर्ट प्रोग्रॅम’मध्ये नाव नोंदवा. त्याने नव्या अर्जाची खबर मिळते, हातातला पासपोर्ट रद्द होत नाही.

‘पुढील तारखेपर्यंत’ दिलेली मनाई त्या तारखेला संपते. न्यायाधीश रजेवर असले तरी मुदतवाढ रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या दिवशीच्या कामकाजाच्या नोंदीत) आली का, ते स्वतः बघा.

एकतर्फी, म्हणजे समोरच्याचं न ऐकता दिलेला, हुकूम मिळाल्यावर अर्जाची प्रत समोरच्याला लगेच रवाना करा आणि तसं शपथपत्र दुसऱ्या दिवसापर्यंत दाखल करा. नाहीतर समोरचा वकील याच मुद्द्यावर हुकूम उठवायला जातो.

‘अपहरणाचा गुन्हा टाकू’ हा शॉर्टकट डोक्यातून काढा. मनाई नसताना नैसर्गिक पालक असलेल्या बापावर तो लागत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये म्हटलंय.

अर्जात नुसतं ‘भीती वाटते’ नको. राजीनामा, एकेरी तिकीट, शाळेतून काढलेला दाखला, असं काहीतरी जोडा.

आणि कोर्टाने पुढे सहलीची परवानगी दिली तर तीही इमिग्रेशनला लेखी कळवा. नाहीतर सुट्टीला निघालेल्या तुम्हालाच, तुमच्याच सर्क्युलरवर, मुलासकट काउंटरवरून परत पाठवतील.