विहीर एक, वारस चार

नाना गेले तेव्हा मृत्युपत्र नव्हतं. यावल तालुक्यात त्यांनी स्वतः घेतलेलं सहा एकर केळीचं शेत, एक विहीर. वारस आई, दादा, ताई आणि मी. तलाठ्याकडे वारस नोंद तीन महिन्यांत केली. भाऊबंदांनी ताईकडून हक्कसोडपत्र घ्या म्हटलं. मी साफ नाही म्हणालो. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने तिचा हिस्सा आमच्याएवढाच, आणि शेवटच्या आजारपणात नानांच्या उशाशी तीच होती.

संमतीने तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटपाचा अर्ज दिला. खरं अडलं ते विहिरीवर. शेवटी ती सामाईक ठेवली, मोटारीच्या पाळ्या वार घालून वाटणीपत्रातच लिहिल्या, वीजबिलासकट. सोमवार-मंगळवार ताईचे. परवा तिच्या पाळीला पहाटे स्टार्टर दादानेच दाबला.