कारखान्यात आपलं नाव कसं उभं राहतं: सुरुवात हँडओव्हरच्या वहीपासून

गेल्या महिन्यात आमच्या लाइनवरच्या डिप्लोमा ट्रेनीनं विचारलं, "ताई, सुपरवायझर व्हायचं तर काय करू? लिंक्डइनवर लिहायला लागू का?" मी तिला म्हणाले, आधी हँडओव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टसाठीची नोंद, लिहायला शीक.

मी कराडला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, भोसरीत ट्रेनी म्हणून लागले, आज चाकणमध्ये मशीन शॉपची एक लाइन सांभाळते. या १४ वर्षांत ज्यांच्या शब्दाला शॉपवर वजन होतं अशी माणसं मी जवळून पाहिली. त्यांतली बरीचशी कमी बोलणारी होती. पण त्यांनी सांगितलेलं कुणी पुन्हा तपासत नसे. तुम्हाला पुढे जायचं असेल तर हे कमवायचं आहे, आणि ते रोज शिफ्ट संपताना दहा मिनिटांत कमावता येतं.

बहुतेक वह्यांत "सर्व ओके" एवढंच असतं. त्यावरून पुढच्या शिफ्टला काहीच कळत नाही. आमच्या एका पार्टला ३२ एच ७ चं बोअर (आतलं गोल भोक) आहे, म्हणजे व्यास ३२.००० ते ३२.०२५ मिलिमीटर. सगळी सूट पंचवीस मायक्रॉनची. बोरिंगचा इन्सर्ट (भोक कापणारं पातं) झिजतो तसं बोअर लहान होत जातं आणि ऑपरेटर ऑफसेट, म्हणजे मशीनला मापाची दुरुस्ती, देत ते जागेवर ठेवतो. म्हणून असं लिहा: "इन्सर्टवर १८० पीस झाले. ऑफसेट आतापर्यंत १४ मायक्रॉन दिलाय. शेवटचं बोअर ३२.००९. एक वाजल्यापासून कास्टिंगची नवी हीट (ओतकामाची खेप) चालू. कूलंट भरलं." माणूस, मशीन, माल, पद्धत या चारांत आज काय बदललं, तेवढं आलं की नोट पुरी झाली. मग पुढच्या माणसाला मशीनसमोर घेऊन ती वाचून दाखवा. केबिनमध्ये नाही, मशीनसमोर. बाहेर बसचा हॉर्न वाजत असला तरी.

दोन-तीन आठवड्यांत दुसऱ्या शिफ्टची माणसं तुमची नोट शोधू लागतील. ओळख तिथून पसरते, कारण तुम्ही घरी गेल्यावरही तुमचा शब्द शॉपवर कामाला येत असतो.

आता चुकीबद्दल. सुपरवायझर होऊन मला सहाच महिने झाले होते. डिस्पॅचची गाडी उभी होती. इन्सर्ट बदलला आणि मी ऑपरेटरला म्हणाले, "फर्स्ट पीसचं माप नंतर बघू, चालू द्या." झिजलेल्या इन्सर्टसाठी दिलेला ऑफसेट तसाच राहिला होता. नव्या इन्सर्टनं बोअर मोठं निघालं. लहान बोअर पुन्हा कापता येतं, मोठं झालेलं भंगारात जातं. ६४ पीस गेले. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळच्या मीटिंगमध्ये कुणी विचारायच्या आत मी उभी राहिले: "फर्स्ट पीस न तपासता चालवायला मी सांगितलं. ऑपरेटरचा दोष नाही. आजपासून इन्सर्ट बदलल्यावर ऑफसेट शून्य करून सही झाल्याशिवाय सायकल सुरू होणार नाही." बोलणी खाल्ली. पण त्या दिवसापासून ऑपरेटर आपल्या चुका मला आधी सांगू लागले, पीस पुढे जायच्या आत. वाईट बातमी लवकर कानावर येणं, यापेक्षा मोठा अधिकार मला आजवर मिळालेला नाही.

चूक कबूल करताना तीनच गोष्टी सांगा: काय झालं, त्यात माझं काय, आता काय बदललं. कारणांची यादी नको.

श्रेयाचं नीट सांगते, कारण यात माणसं कायमची दुखावतात. कायझनच्या, म्हणजे छोट्या सुधारणांच्या, फॉर्मवर कल्पना कुणाची, हा रकाना असतो आणि तिथे बऱ्याचदा इंजिनिअरचं नाव पडतं. आमच्या एका काकांनी फिक्स्चरच्या (पार्ट पकडून ठेवणाऱ्या साधनाच्या) पॅडवर अडकणारी चिप, म्हणजे धातूचा कीस, उडवायला हवेची बारीक नळी सुचवली. फॉर्म मी भरला, नाव त्यांचं घातलं, आणि प्लांट हेड राउंडला आले तेव्हा सांगायला त्यांनाच पुढे केलं. काका अडखळले, मी मध्ये बोलले नाही. माझ्या लाइनवरून सूचना यायला लागल्या त्या यानंतर.

बोलायची भीती असेल तर क्वालिटी सर्कलमध्ये, म्हणजे कामातल्या अडचणी मिळून सोडवणाऱ्या कामगारांच्या छोट्या गटात, शिरा. ही पद्धत जपानमध्ये १९६२ साली सुरू झाली, आपल्याकडे १९८० च्या सुमारास भेल या सरकारी कंपनीच्या हैदराबाद कारखान्यात आली, आणि १९८२ मध्ये क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया स्थापन झाली. तिच्या स्पर्धांत ऑपरेटर स्वतः केस मांडतात. कंपनीतल्या सर्कलमध्ये तर आपल्या भाषेत, आपल्या मशीनबद्दल, ओळखीच्या सहा-सात माणसांसमोर बोलायचं असतं. मी बोलायला तिथेच शिकले.

एका कामासाठी तुमचं नाव निघायला हवं. बोअर गेज लावणं असो की ड्रॉइंग वाचणं, एकच धरा आणि दोन वर्षं सोडू नका.

लिंक्डइनवर जरूर लिहा, पण उशिरा. ग्राहकाचं नाव, ड्रॉइंग, पार्टचा फोटो यांतलं काहीही टाकू नका. त्यानं नोकरी जाऊ शकते. अडचण काय होती, कशी सापडली, कोण बरोबर होतं, एवढं आधी साहेबांना दाखवून टाका. "डायनॅमिक लीडर" असली विशेषणं गाळा. सेटिंगला ५० मिनिटं लागायची ती ३५ वर आली, हे वाक्य त्याहून जास्त बोलतं. असे आकडे तारखेसह एका वहीत ठेवा, शेजारी मदत करणाऱ्यांची नावं. अप्रेझलला तीच वही घेऊन बसा.

आमच्या ट्रेनीची नोट आता चांगली येते. मशीनसमोर वाचून दाखवायला मात्र ती अजून कचरते, समोरचे ऑपरेटर वडिलांच्या वयाचे. म्हणून या आठवड्यात मी तिच्या शेजारी उभी राहते, बोलते तीच. बसच्या ड्रायव्हरदादांना पाच मिनिटं थांबायला सांगून ठेवलंय.