दाब गेलेल्या स्प्रेच्या डब्यांचे काय करावे

गणपतीच्या आधी आठ-पंधरा दिवस माळा उतरवला की मखराच्या सामानामागून गेल्या वर्षीचे सोनेरी आणि चंदेरी रंगाचे स्प्रे निघतात. हातात घेतले तर जड लागतात, हलवले तर आतली गोळी खडखडते, पण बोटाने दाबले की नुसता फुस्स असा आवाज येतो, किंवा तोही येत नाही. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घरी यंदा असे सात डबे निघाले: तीन रंगाचे, दोन डिओडरंटचे, एक झुरळांच्या औषधाचा आणि एक गंज सोडवणाऱ्या तेलाचा. सातही एका पिशवीत बांधून घंटागाडीत टाकणे सर्वांत सोपे होते. परंतु ती पिशवी पुढे कोणाच्या हातात जाणार आणि तिथे तिच्यावर किती भार पडणार, हे एकदा लक्षात आले की तसे करणे जमत नाही. म्हणून हा विषय सविस्तर लिहीत आहे.

पहिली गोष्ट अशी की फवारा न मारणारा डबा म्हणजे रिकामा डबा नव्हे. डबा तीन कारणांनी गप्प बसतो: तोंड तुंबलेले असते, दाब गेलेला पण माल शिल्लक असतो, किंवा तो खरोखरच संपलेला असतो. या तिघांची व्यवस्था वेगवेगळी आहे, त्यामुळे आधी निदान करावे लागते.

निदानासाठी आतली रचना थोडी ठाऊक असावी. डब्यात मूळ माल, म्हणजे रंग, औषध किंवा अत्तर असते, आणि त्याला बाहेर ढकलणारा वायू असतो. बहुतेक घरगुती डब्यांत हा वायू प्रोपेन, ब्यूटेन किंवा आयसोब्यूटेन असतो. थोडक्यात, स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या वायूचेच भाईबंद. ब्यूटेन शून्याच्या जरासे खाली आणि प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतो, पण बंद डब्यात दाबाखाली ते द्रवरूपात राहतात. माल बाहेर पडून आत जागा झाली की त्या द्रवाचा थोडा भाग उकळून ती जागा भरतो आणि दाब जवळजवळ पूर्वीइतकाच राहतो. त्यामुळे असा चांगला डबा पहिल्या दिवशी जितक्या जोराने फवारतो, साधारण तितक्याच जोराने शेवटच्या दिवशीही फवारतो. काही डब्यांत मात्र कार्बन डायऑक्साइड किंवा नायट्रोजन नुसता दाबून भरलेला असतो. तिथे भरपाई करणारा द्रवाचा साठा नसल्यामुळे मालाबरोबर दाबही हळूहळू उतरत जातो.

यावरून एक उपयोगी अनुमान निघते. रंगाचा किंवा डिओडरंटचा डबा अर्धा भरलेला असतानाच मंदावला, तर तो 'वापरून संपला' हे स्पष्टीकरण पुरेसे नाही. एक तर तोंड तुंबले आहे, नाही तर वायू कुठून तरी निसटला आहे. तिसरी शक्यता डबा गार पडल्याची. सलग मिनिटभर फवारत राहिल्यास आतला द्रव उकळताना डब्यातली उष्णता शोषून घेतो, डबा हाताला थंडगार लागतो आणि दाब पडतो. असा डबा सावलीत उभा ठेवून तासाभराने पाहिला तर आपोआप पूर्ववत होतो. आपल्याकडे ठाणे-वाशीच्या हवेत त्याला कोमट पाण्यात बसवण्याचीही गरज नसते. गॅसच्या शेगडीजवळ किंवा उन्हात ठेवून 'जोर आणण्याचा' प्रयत्न तर कधीच करू नये. डब्यावर ५० अंशांपेक्षा जास्त तापमानात ठेवू नये असा इशारा छापलेला असतो, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या डॅशबोर्डवर ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

डबा हातात घेण्याआधी तो नीट पाहावा. पत्र्याचा डबा असेल तर तळाची कडा, बाजूचा सांधा आणि वरच्या व्हॉल्व्हभोवतीची खोलगट वाटी या तीन जागी गंज आधी धरतो. खाडीच्या दमट, खारट हवेत आणि चार पावसाळे माळ्यावर काढल्यावर तो धरणारच. लोहचुंबक चिकटला तर डबा पत्र्याचा, नाही चिकटला तर ॲल्युमिनियमचा. डिओडरंटचे डबे बहुधा ॲल्युमिनियमचे असतात आणि त्यांना तांबेरा येत नाही. तळ फुगलेला असेल, गंजाचे पापुद्रे सुटत असतील किंवा बाहेर चिकट ओघळ असेल, तर त्या डब्यावर पुढील कोणताही प्रयोग करू नये. तो हलवू नये, दाबू नये; हातमोजे घालून वाळू भरलेल्या बादलीत उभा ठेवावा आणि ती बादली गॅलरीत सावलीत, मुलांच्या हाताला न लागेल अशा जागी ठेवावी.

डबा धडधाकट दिसत असेल तर आधी तोंड तपासावे, कारण माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त 'मेलेले' डबे फक्त तुंबलेले असतात. वरचे बटण, म्हणजे नोझल, हलके फिरवत सरळ वर ओढून काढावे. तसे करताना डब्याचे तोंड स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे नसावे. रंगाच्या डब्याचे नोझल थिनरमध्ये, तर डिओडरंटचे गरम पाण्यात तासभर बुडवून ठेवावे. कीटकनाशकाचे असल्यास टाकाऊ वाटीत साबणाचे गरम पाणी घ्यावे आणि हातात मोजे असावेत. नंतर बारीक सुईने मागच्या बाजूने छिद्र मोकळे करावे. ही सुई नोझलमध्येच घालायची, डब्याच्या व्हॉल्व्हमध्ये नाही. व्हॉल्व्हमध्ये सुई खुपसली की आतले रबरी वायसर फाटते आणि मग डबा बंदच होत नाही. त्याच जातीच्या दुसऱ्या डब्याचे चालू नोझल बसवून पाहणे ही त्याहूनही सोपी परीक्षा आहे. रंगाच्या बाबतीत आणखी एक कारण संभवते: तळाशी बसलेली पूड आतल्या नळीच्या टोकाशी घट्ट होते. डबा एक दिवस उलटा ठेवून मग दोन-तीन मिनिटे जोरात हलवला की पुष्कळदा ती सुटते.

एवढे करूनही काही आले नाही आणि हलवल्यावर आत द्रव खळखळत असेल, तर दाब गेला असे धरावे. तो जातो कसा, हे डब्याडब्यावर अवलंबून असते. वर्षानुवर्षे पडून वायसर सुकते आणि वायू कणाकणाने निसटतो. रंगाचा एखादा कण व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकतो आणि तो पूर्ण मिटत नाही. नुसता दाबून भरलेला वायू असलेला डबा कोणी उलटा धरून वापरला, तर आतली नळी वायूत उघडी पडते आणि मालाऐवजी दाबच बाहेर जातो. गळती चालू आहे का, हे ओळखायला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो: आज वजन करून डब्यावर लिहावे आणि पंधरा दिवसांनी पुन्हा करावे. वासावर भरवसा ठेवू नये. घरगुती सिलिंडरच्या वायूत गळती कळावी म्हणून उग्र वास मुद्दाम मिसळलेला असतो; स्प्रेमधला वायू मात्र अत्तराचा किंवा मालाचा वास बिघडू नये म्हणून गंधहीन केलेला असतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. दाब गेलेल्या डब्यात सायकलच्या पंपाने किंवा टायरच्या हवेने पुन्हा दाब भरण्याचे प्रकार लोक करून दाखवतात. ते करू नयेत. आत ज्वलनशील द्रावकाची वाफ असते आणि आपण तिला नेमका लागणारा प्राणवायू पुरवतो. शिवाय जुन्या पत्र्याचा सांधा आतून किती खाल्ला गेला आहे हे बाहेरून दिसत नाही. राहिलेला रंग काढण्यासाठी डब्याला खिळ्याने भोक पाडणेही तितकेच वाईट. 'दाब गेला' याचा अर्थ दाब शून्य झाला असा होत नाही. उरलेल्या मालात वायू विरघळलेला असतो आणि हलवल्यावर किंवा ऊब लागल्यावर तो सुटू लागतो. भोक पाडताच रंग तोंडावर उडतो, आणि खिळ्याची ठिणगी वायूला पुरेशी असते. जुन्या पिढीतल्या अनेकांना असे डबे पेट घेत नाहीत असे वाटते, आणि त्यामागे कारण आहे. पूर्वी वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू जळत नसत. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ओझोनच्या थराच्या रक्षणासाठी ते हळूहळू बंद झाले आणि त्यांची जागा बहुतांशी जळणाऱ्या वायूंनी घेतली.

थोडाफार फुसफुसणारा डबा मात्र रिकामा करता येतो. रंग, अत्तर किंवा तेल असेल तर सोसायटीच्या गच्चीवर किंवा मोकळ्या जागी, वारा पाठीकडून येईल असे उभे राहून, खोक्यात चुरगळलेली रद्दी भरून तिच्यावर थोडे थोडे फवारावे. रंगाच्या डब्याचा शेवट उलटा धरून, नुसता वायू येईपर्यंत करावा. रद्दी उघड्यावर पूर्ण वाळू द्यावी. हे काम गॅलरीतून घरात वारा येत असताना करू नये. स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघरात तर नाहीच, कारण हे वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरतात आणि गॅस गीझरच्या ज्योतीपर्यंत किंवा देवघरातल्या समईपर्यंत नकळत पोहोचतात. कीटकनाशकाचा डबा असा रिकामा करू नये; तो आहे तसाच वेगळा द्यावा. उरलेले औषध मोरीत ओतणे सर्वथा टाळावे. झुरळा-डासांच्या स्प्रेमधली पायरेथ्रॉइड जातीची औषधे माशांना फार विषारी असतात, आणि आपल्याकडचे नाले अखेर ठाणे खाडीला मिळतात. त्याच खाडीत २०१५ मध्ये घोषित झालेले फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून ते रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे.

बंद खोलीत एखादा डबा जोराने गळू लागला तर विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, सर्व दारे-खिडक्या उघडाव्यात, माणसांनी बाहेर पडावे आणि गळती थांबत नसेल तर अग्निशमन दलाला १०१ वर कळवावे.

द्यायचे कोणाला, हा प्रश्न घरोघरी अडतो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी रंगाचे आणि कीटकनाशकांचे टाकाऊ डबे घरगुती घातक कचऱ्यात धरले, आणि अशा कचऱ्यासाठी दर २० चौरस किलोमीटरमागे एक संकलन केंद्र स्थानिक संस्थेने उभारावे असे ठरवून दिले. म्हणून ठाण्यात आपल्या प्रभाग समितीच्या कार्यालयात आणि नवी मुंबईत विभाग कार्यालयात स्वच्छता निरीक्षकांना भेटून, हा कचरा कुठे आणि कोणत्या दिवशी घेतात हे विचारावे. एकट्याने विचारण्यापेक्षा सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज दिलेला बरा. सेक्रेटरींनी तीन महिन्यांतून एकदा सर्व घरांचे डबे एकत्र करून दिले तर पालिकेलाही ते सोयीचे पडते. मधल्या काळात डबे झाकण न लावलेल्या खोक्यात, उभे, सावलीत ठेवावेत. मीटरची खोली, लिफ्टची मशीनरूम आणि जिन्याखालची जागा यासाठी वापरू नये.

घंटागाडीवर द्यावेच लागले तर सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळ्या पिशवीत, वर ठळक अक्षरांत 'स्प्रेचे डबे, दाबू नयेत' असे लिहून, सफाई कामगाराच्या हातात सांगून द्यावेत. कचऱ्याची गाडी आतला माल यंत्राने दाबते, आणि त्या दाबाखाली फुटणारा डबा सर्वांत आधी मागे उभ्या असलेल्या माणसाला इजा करतो. भंगारवाल्यालाही फक्त पूर्ण रिकामे, काहीही न खळखळणारे आणि दाबल्यावर आवाज न करणारे डबे द्यावेत, आणि तेही सांगून, कारण पत्रा वेगळा करण्यासाठी त्यावर छिन्नी-हातोडा चालणार असतो.

वागळे इस्टेट, रबाळे किंवा महापे भागातल्या कारखान्यांना आणि गॅरेजांना घरगुती वाट खुली नाही. त्यांचा हा माल घातक कचऱ्याच्या स्वतंत्र नियमांखाली येतो, तो साधारणपणे ९० दिवसांहून जास्त साठवता येत नाही आणि तळोज्यासारख्या अधिकृत सामायिक सुविधेकडेच, म्हणजे अनेक कारखान्यांच्या घातक कचऱ्याची एकत्र विल्हेवाट लावणाऱ्या केंद्राकडेच, पाठवावा लागतो.

दम्याच्या इनहेलरला वरचे काहीच लागू नाही. त्यात दाब शिल्लक असूनही औषध संपलेले असू शकते, म्हणून फवारा येतो की नाही यावरून किंवा डबी पाण्यात तरंगते का यावरून निर्णय करू नये. मात्रा मोजणारा आकडा पाहावा, आणि तो नसल्यास वापरलेल्या मात्रांची नोंद ठेवावी.

आमच्या सातांपैकी चार डबे नोझल धुतल्यावर चालू झाले, एक रिकामा निघाला आणि दोन, झुरळांचा आणि गंजलेला चंदेरी, खोक्यात वाट पाहत आहेत. चालू झालेल्या दोन रंगांवर मार्करने महिना आणि वर्ष लिहिले आहे. विसर्जनानंतर ते उलटे धरून नोझल मोकळे करायचे, तोंड थिनरच्या फडक्याने पुसायचे आणि माळ्याऐवजी कपाटाच्या खालच्या, गार कप्प्यात उभे ठेवायचे, असे घरात ठरले आहे.