दिवाळीत सिंक तुंबतं ते याच चुकांमुळे

सोसायटीच्या ग्रुपवर वर्षभर पार्किंगवरून वाद चालतात. धनत्रयोदशी ते भाऊबीज मात्र विषय एकच: ‘प्लंबरचा नंबर आहे का कुणाकडे? अर्जंट.’ नंबर सगळ्यांकडे असतो, प्लंबर नसतो. आपल्या शहरांत काम करणारे बरेच प्लंबर ओडिशातल्या केंद्रपाडा भागातले. तिकडची गजलक्ष्मी पूजा कोजागिरीपासून सुरू होते, त्यामुळे आपण भाजणी दळून आणतो तेव्हा त्यांतले बरेच जण गावी असतात. जे इथले आहेत त्यांच्याही घरी दिवाळी असतेच की.

कमिटीवर असल्यामुळे या तक्रारी आधी माझ्याकडे येतात. त्यावरून सांगतो, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तुंबलेलं सिंक त्या संध्याकाळी तुंबलेलं नसतं. पंधरा दिवस आपण त्यात काय काय ओतत आलो, त्याचा तो हिशोब असतो.

तळणाची कढई थेट सिंकमध्ये

सगळ्यात मोठा गुन्हेगार हाच. ‘आम्ही तेल ओतत नाही हो’, असं प्रत्येक घरात ऐकायला मिळतं, आणि ते खरंही असतं. तळणाचं तेल कुणी फेकत नाही, ते गाळून फोडणीला जातं. पण कढईला, झाऱ्याला, चाळणीला, डब्यांना लागलेलं तूप आणि डालडा कुठे जातो? शंकरपाळ्यांचं मोहन, करंज्यांचा साटा, लाडवांचं तूप हे सगळं भांडी घासताना गरम पाण्याबरोबर पातळ होऊन खाली उतरतं. वनस्पती तूप साधारण ३१ ते ४१ अंशांच्या दरम्यान वितळतं. डक्टमधून खाली जाणारा पाईप दिवाळीच्या पहाटे त्याहून बराच थंड असतो. पहिल्या वळणापर्यंत पातळ राहिलेलं तूप तिथून पुढे पाईपच्या आतून थराथराने बसत जातं.

नुसतं तूप असतं तर एक वेळ चाललं असतं. त्यावर येऊन चिकटतं ते पीठ. चकलीचा सोऱ्या, परात, बेसनाचा हात सगळं सिंकमध्येच धुतलं जातं. भिजलेली भाजणी आणि मैदा म्हणजे खळच. तूप, खळ आणि वर चहाचा चोथा एवढ्यावर काम होतं.

उपाय फार साधा आहे आणि म्हणूनच कुणी करत नाही. कढई घासायला टाकण्याआधी जुन्या वर्तमानपत्राने पुसून घ्यायची आणि तो कागद कचऱ्यात टाकायचा. परात आणि सोऱ्या वाळू द्यायचे, पीठ खरवडून काढायचं, मग धुवायचे. सिंकच्या तोंडाशी बारीक जाळी बसवायची. घरी कामाला येणाऱ्या मावशींनाही हे सांगायला हवं, कारण भांडी त्या घासतात आणि जाळी त्यांनाच अडचणीची वाटते. पाणी हळू जातं म्हणून जाळी उचलून बाजूला ठेवलेली मी कितीतरी घरांत पाहिली आहे.

बॉटल ट्रॅपला हात न लावणं

सिंकखालचं कपाट उघडा. सिंकच्या तोंडापासून खाली आलेल्या पाईपला ग्लासासारखं एक भांडं लावलेलं दिसेल. तो बॉटल ट्रॅप. (काही घरांत त्याऐवजी नुसता लवचीक वेस्ट पाईप असतो. त्याच्या चुण्यांत घाण जास्त अडकते. तो बदलून टाकलेला बरा.) फराळाला हात घालायच्या आधीच्या रविवारी हा ट्रॅप उघडून साफ केला, तर सणातली निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

खाली बादली ठेवा. ट्रॅपचा खालचा भाग हातानेच डावीकडे फिरवा. पाना लावू नका, प्लॅस्टिकचे आटे लगेच जातात. घट्ट असेल तर कोरडं फडकं धरून फिरवा. भांडं हातात येईल तेव्हा नाक दुसरीकडे करा. आत राखाडी, साबणाच्या वडीसारखा गोळा असतो आणि त्यात तीळ, मोहरी, एखादी कढीपत्त्याची काडी, क्वचित मुलाच्या खेळण्यातलं चाकसुद्धा. ते सगळं कचऱ्याच्या पिशवीत टाका, भांडं जुन्या ब्रशने घासा. धुण्याचं पाणी त्याच सिंकमध्ये ओतू नका. ट्रॅप उघडा आहे हे त्या क्षणी हमखास विसरायला होतं.

परत बसवताना वायसर बघा. तो आट्याच्या तोंडाशी सपाट बसला पाहिजे, चिरलेला असेल तर नवा आणा, किंमत किरकोळ असते. हाताने घट्ट करून झाल्यावर खाली कोरडा कागद पसरून पाच मिनिटं नळ सोडा. थेंब पडला तर कागद सांगेल.

उटणं, तेल आणि केस एका न्हाणीत

नरक चतुर्दशीच्या पहाटे घरातली सगळी माणसं एकामागोमाग अभ्यंगस्नान करतात. उटण्यात मुलतानी माती, नागरमोथा, मसुराचं पीठ अशी मंडळी असतात. यातलं काहीच पाण्यात विरघळत नाही. तेलाने चिकट झालेलं हे मिश्रण न्हाणीतल्या केसांच्या गुंतवळात अडकतं आणि तिसऱ्या माणसाच्या आंघोळीला पाणी घोट्यापर्यंत येतं.

आदल्या दिवशी न्हाणी ट्रॅपची जाळी उचला, आतली वाटी काढा, केस काढून टाका. वाटी परत ठेवा! पाणी लवकर जावं म्हणून ती कायमची काढून ठेवणारे लोक नंतर झुरळांची आणि वासाची तक्रार घेऊन येतात. त्या वाटीमुळे ट्रॅपमध्ये पाणी साठून राहतं आणि गटाराचा वास अडतो. उटणं अंगावर थोडं सुकू द्या, पुसून काढा, मग पाणी घ्या. लहान मुलं ऐकणार नाहीत, त्यांच्यासाठी जाळीवर एक जुना नायलॉनचा मोजा ताणून बसवा.

रंग, पुट्टी, रांगोळी, माती

पाहुणे यायच्या आत रंगकाम उरकायचं असतं. रंगारी ब्रश आणि घमेली तुमच्याच न्हाणीत धुतो. पुट्टीत पांढरं सिमेंट असतं, ते ट्रॅपमध्ये जाऊन दगड होतं आणि मग लाद्या फोडाव्या लागतात. त्यांना आधीच एक बादली द्या. गाळ खाली बसला की तो पिशवीत भरून कचऱ्यात. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, तीही झाडून उचला, पाण्याने न्हाणीकडे लोटू नका.

गणपतीतही हीच गोष्ट. शाडूच्या मूर्तीचं घरी बादलीत विसर्जन करणं उत्तम, पण विरघळलेली माती कमोडमध्ये ओतायची नसते. ती कुंडीत किंवा बागेत जाते. मूर्ती प्लास्टर ऑफ पॅरिसची असेल आणि अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात विरघळवली असेल, तर खाली कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे खडूचा गाळ उरतो. तोही पाईपचा नव्हे.

तुंबल्यावर घाईत केलेले उद्योग

पहिला उद्योग म्हणजे उकळतं पाणी ओतणं. सांडपाण्याचे पीव्हीसी पाईप साधारण ६० अंशांपर्यंतचं तापमान नीट सोसतात. त्यात १०० अंशांचं पाणी ओतलं तर पाईप मऊ पडतो, सांधा निसटतो आणि तुंबलेलं सिंक गळकं सिंक होतं. हाताला चटका न देणारं गिझरचं पाणी चालेल.

दुसरा उद्योग जास्त धोक्याचा. कॉस्टिक सोड्याची पावडर टाकायची, काम झालं नाही की वर ॲसिड ओतायचं. दोन्ही एकत्र आले की प्रचंड उष्णता तयार होते आणि ते मिश्रण उसळून तोंडावर येऊ शकतं. संडास-बाथरूमच्या सफाईत ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करणं तर त्याहून वाईट, कारण त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो. पावडर टाकून झाली असेल आणि नंतर प्लंबर आला, तर त्याला ते सांगा. ट्रॅप उघडताना त्याचं तोंड तुमच्या सिंकखाली असतं.

यापेक्षा रबरी पंप वापरा, पण नीट. पंपाचं रबर बुडेल इतकं पाणी सिंकमध्ये हवं. बेसिनला वरच्या बाजूला जादा पाणी जाण्याचं भोक असतं, ते ओल्या फडक्याने दाबून धरा. दोन भांड्यांचं सिंक असेल तर दुसऱ्याचं तोंडही बंद करा. नाहीतर हवा तिथून निसटते आणि तुम्ही नुसतेच दमता.

दोष कुठे आहे हे न बघता नळ सोडत राहणं

फक्त सिंकमधलं पाणी हळू जात असेल तर दोष ट्रॅपमध्ये किंवा लगेच पुढे. बेसिनचा नळ सोडल्यावर न्हाणीत गुडगुड आवाज येत असेल तर तुमच्या फ्लॅटची पुढची लाईन अडली आहे. आणि घरातला एकही नळ चालू नसताना न्हाणीतून पाणी वर येत असेल, तर ते पाणी वरच्यांचं आहे. इमारतीची उभी लाईन किंवा खालचं चेंबर भरलं आहे. अशा वेळी आधी वरच्या सगळ्या मजल्यांना फोन करून पाणी थांबवायला सांगा, मग प्लंबर शोधा. तळमजल्यावरच्या घरात शिरणारं पाणी पाहिलं की लोक आधी फडकी आणतात, पण वरती वॉशिंग मशीन चालूच असतं.

कमिट्यांसाठी एक गोष्ट. चेंबरची झाकणं दिवाळीआधी एकदा उघडून बघा. नवे पेव्हर ब्लॉक बसवताना झाकण खाली गेलं किंवा त्यावर कुणाची गाडी कायमची उभी आहे, हे ऐन वेळी कळतं.

गावाला जाताना

नळाला पाणी नव्हतं, कुणीतरी फिरवून बघितला, तसाच उघडा राहिला आणि घर बंद करून सगळे गेले. पाणी आलं ते थेट खालच्यांच्या छतातून. निघताना प्रत्येक नळ तपासण्यापेक्षा मेन कॉक बंद करा. वरच्या टाकीतून स्वयंपाकघर आणि बाथरूमला वेगवेगळ्या लाईन असतील तर दोन्ही. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची बारीक नळी आणि वॉशिंग मशीनचा नळ विसरू नका. गिझरचं बटण बंद. किल्ली शेजाऱ्यांकडे देताना कॉक कुठे आहेत तेही दाखवून ठेवा.

जास्त दिवस जाणार असाल तर न्हाणी ट्रॅपमधलं पाणी सुकतं आणि वास घरात शिरतो. त्यात तांब्याभर पाणी आणि वर दोन चमचे गोडं तेल घाला. तेलाच्या थरामुळे पाणी उडत नाही. हो, एवढं दोन चमचे तेल चालतं.

परतल्यावर मेन कॉक एकदम उघडू नका, पाईपमधली हवा धडधडत येते. हळूहळू उघडा, आधी एक साधा नळ सोडून गढूळ पाणी जाऊ द्या. गिझरचं बटण मात्र गरम पाण्याच्या नळातून अखंड धार आल्यावरच दाबा.