मणक्याचं ऑपरेशन सांगितलंय? सही करायच्या आधी हे बघून घ्या

मणक्याचं ऑपरेशन म्हटलं की घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतंय, मणक्याला हात लावू नका, माणूस लुळा पडतो. आमच्याकडं सोलापुरात पण तेच झालं. आई आयुष्यभर विड्या वळणारी, मांडीवर सूप घेऊन वाकून बसलेली, तिची कंबर दुखायलीय म्हटल्यावर नवल कुणालाच वाटलं नाही. गोळ्या, पट्टा, शेक, वर्षभर तेच चाललं. तिची खरी तक्रार वेगळी होती, चालताना चप्पल पायातून निघून गेलेली तिला कळायचं नाही, मागं वळून बघितल्यावर दिसायची. आम्ही हसायचो ओ, वय झालं म्हणून.

म्हणून पहिली गोष्ट, दुखण्यापेक्षा पायाकडं बघा. चवड्यावर चालता येतंय का, टाचेवर चालता येतंय का, जिना उतरताना कठडा धरावा लागतोय का, शर्टाची बटणं लावताना हात अडखळतोय का, हे घरीच बघा आणि कधीपासून ते तारखेसकट कागदावर लिहा, कारण ओपीडीत पाच मिनिटं मिळतात आणि पेशंट तिथं फक्त "कंबर दुखते" एवढंच सांगतो.

आईचा कंबरेचा एमआरआय झाला, रिपोर्टमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी सरकलेली, लगेच स्क्रू घालायचं ऑपरेशन सांगितलं. आता हे ऐका, काहीच त्रास नसलेल्या पन्नाशीच्या लोकांचा एमआरआय काढला तरी साधारण ६० टक्क्यांत गादी फुगलेली दिसते. म्हणजे रिपोर्टात "गॅप" आहे म्हणून त्रास त्यानंच होतोय असं नाही. आम्ही दुसऱ्या न्यूरोसर्जनला दाखवलं, त्यांनी फिल्म बाजूला ठेवली, गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय नेहमीपेक्षा जास्तच उडाला, तळव्यावरून चावीनं रेघ ओढली तर अंगठा वर गेला. म्हणाले हे कंबरेचं नाही, वरचं आहे. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, त्याच्या खाली नुसत्या नसा असतात, त्या दबल्या की पाय ढिला पडतो. पाय ताठ व्हायलाय, हातोडीनं जास्तच उडायलाय तर दाब त्याच्या वर कुठंतरी. पाठीचा एमआरआय काढला तर पाठीच्या सहाव्या मणक्यामागं गाठ, मेनिंजिओमा, म्हणजे मज्जारज्जूच्या आवरणाची गाठ. कंबरेत स्क्रू बसले असते आणि गाठ तिथंच राहिली असती!

तर कंबरेचा एमआरआय सांगितला की विचारा, पूर्ण मणक्याचं स्क्रीनिंग सोबत घेता येईल का. गाठीची शंका असेल तर शिरेतून औषध देऊन काढतात, त्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघतात, किडनीचा त्रास किंवा पेसमेकर असेल तर आधीच सांगा.

गाठ म्हणजे कॅन्सरच, असं धरून रडायला बसू नका. मज्जारज्जूच्या आवरणातल्या मेनिंजिओमा, नसेच्या आवरणातल्या श्वानोमा या बहुतेक साध्या असतात, हळू वाढतात, पूर्ण काढता येतात. मणक्याच्या हाडातली गाठ मात्र मोठ्या वयात बऱ्याचदा दुसरीकडून पसरलेली असते, स्तन, फुफ्फुस, प्रोस्टेट, म्हणून तिकडंही तपासतात. आणि आपल्याकडं मणक्याचा टीबी फिल्मवर कधीकधी गाठीसारखाच दिसतो, तो बहुतेक वेळा गोळ्यांनी बरा होतो, म्हणून हाडात काही दिसलं की बायोप्सीचं, म्हणजे तुकडा काढून तपासायचं, विचाराच.

घाई कधी करायची? लघवी अडकली किंवा न कळता झाली, बसायच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलेना झालं, तर त्याच रात्री निघायचं, सकाळची वाट बघायची नाही. कॅन्सर झालेल्या माणसाची पाठ रात्री झोपल्यावर जास्त दुखायली तरी लवकर दाखवा. बाकी नुसती गादी सरकून पायात कळ येत असेल तर सहा आठवडे ते तीन महिन्यांत बहुतेकांची आपोआप कमी होते. आमचे दाजी यंत्रमागावर, असेच आडवे पडले होते, गोळ्या आणि फिजिओथेरपीवर उभे राहिले. तीन महिन्यांनीही पायातली कळ जात नसेल तर गादीचा तुकडा काढायचं ऑपरेशन चांगलं काम करतं. पायात काही नाही, नुसती कंबर दुखते, त्यासाठी स्क्रू सांगितले तर मी तरी दुसरं मत घेतल्याशिवाय सही करणार नाही.

डॉक्टरांना सरळ विचारा, कुठली नस दबलीय, ती मोकळी करून काय परत येईल आणि काय येणार नाही, स्क्रू का लागणार, नाही केलं तर काय. गाठ मज्जारज्जूच्या आतली असेल तर ऑपरेशन चालू असताना नसांचं मॉनिटरिंग आहे का तेही. नसेल तर पुणे-मुंबई गाठा, साध्या गादीसाठी मात्र सोलापूर सोडायची गरज नाही असं माझं मत.

पैशाचं, महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, पण दवाखाना योजनेत पाहिजे आणि मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते, म्हणून भरती होताना आधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला भेटा, पैसे भरून मग पळापळ करू नका.

तयारीत शुगर आटोक्यात आणा, रक्त पातळ करायच्या गोळ्या किती दिवस आधी बंद करायच्या ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. तंबाखू बंद, स्क्रू घालणार असतील तर पक्कंच, निकोटिननं हाड नीट जुळत नाही. आईची मिसरी सोडवायला ऑपरेशनपेक्षा जास्त कष्ट पडले बघा, आणि मिसरी पण तंबाखूच हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

ऑपरेशननंतर कुशीवर वळताना खांदा आणि कंबर एकदमच वळवायची, ओंडका लोटतात तसं, उठताना आधी कुशीवर मग हातावर जोर देऊन. टाक्यातून पाण्यासारखं गळायलं, किंवा बसल्यावर डोकं ठणकून झोपल्यावर थांबायलं तर लगेच फोन करा, मज्जारज्जूभोवतीचं पाणी गळत असू शकतं. ताप, पिंढरीला सूज, हे पण. कमोडची खुर्ची डिस्चार्जच्या आधीच आणून ठेवा, आम्ही त्या दिवशी धावलो. आणि ताकद एका दिवसात येत नाही, महिने लागतात, तोवर पायात मागून पट्टा असलेलीच चप्पल घाला.