ट्रॉमासाठी कॅथेटरची ट्रॉली कशी भरावी

अपघातातल्या जखमीच्या रक्तवाहिनीत कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालून रक्तस्राव आतूनच थांबवायची सोय करायची म्हटलं की मीटिंगमध्ये सगळे हायब्रिड ओटीवरच (शस्त्रक्रिया आणि अँजिओग्राफी दोन्ही होणारी खोली) बोलतात. मी कॅथलॅबचा साठा सांभाळते, माझा हट्ट ट्रॉलीचा. डीएसए (हाडं वगळून फक्त रक्तवाहिन्या दाखवणारं एक्स-रे चित्रण) करणारा फिरता सी-आर्म (कमानीच्या आकाराचं एक्स-रे यंत्र) आणि कार्बन फायबरचं टेबल एवढ्यावर सुरुवात होते. टेबल घेण्याआधी सी-आर्म छातीपासून मांडीपर्यंत फिरवून बघा. टेबलाचा खांब नेमका कटिभागाखाली आला तर फुटलेल्या पेल्व्हिसचं (कटिभागातल्या हाडांच्या कड्याचं) चित्र कसं घेणार?

ट्रॉली कामाच्या क्रमाने लावा, कंपनीप्रमाणे नव्हे. वरच्या कप्प्यात रक्तवाहिनीत शिरायचा मायक्रोपंक्चर सेट (21 गेजची सुई, 0.018 इंची वायर), 5 ते 8 फ्रेंचचे शीथ (कॅथेटर आत घालायची बाहेरची नळी; फ्रेंच हे जाडीचं माप), एखाददुसरा 12 चा. अल्ट्रासाऊंड प्रोबचं निर्जंतुक कव्हरही इथेच हवं, कारण रक्तदाब कोसळला की जांघेतली नाडी बोटाला लागत नाही. खाली 0.035 च्या वायर, पिगटेल आणि कोब्रा (वेगवेगळ्या वळणांच्या टोकांचे कॅथेटर), अगदी बारीक मायक्रोकॅथेटर.

खरी काळजी कॉइलच्या, म्हणजे रक्तवाहिनी बुजवणाऱ्या तारेच्या वेटोळ्यांच्या, कप्प्याची. 0.035 आणि 0.018 च्या कॉइल कधीही एका डब्यात ठेवू नका. जाड कॉइल मायक्रोकॅथेटरमध्ये शिरतच नाही. बारीक कॉइल रुंद कॅथेटरमध्ये आतच गुंडाळून अडकते, मग कॅथेटरसकट बाहेर काढावी लागते आणि महत्प्रयासाने गाठलेली जागा हातची जाते. दोन रंगांच्या चिकटपट्ट्या लावा. जेलफोम (रक्तवाहिनी तात्पुरती बुजवणारा जिलेटिनचा स्पंज) मात्र भरपूर ठेवा. स्वस्त आहे, कापून डायमध्ये (एक्स-रेत दिसणाऱ्या द्रवात) कालवला की पेल्व्हिसच्या रक्तस्रावात पटकन कामी येतो.

कव्हर्ड स्टेंट (फाटलेली रक्तवाहिनी आतून झाकणारी आच्छादित जाळीची नळी) महाग आणि मापं अनेक. ते कन्साइनमेंटवर घ्या, म्हणजे वापरलेल्याचेच पैसे.

खालचा रक्तस्राव तात्पुरता रोखायला महाधमनीत फुगवायच्या रिबोआ बलूनची मागणी सर्वांत आधी येते. मी तो यादीत शेवटी लिहिते. ब्रिटनमधल्या चाचणीचे निष्कर्ष 2023 मध्ये आले: 90 दिवसांतले मृत्यू बलूनच्या गटात 54 टक्के, नुसत्या नेहमीच्या उपचारांत 42. शिवाय फुगवला की खालच्या अवयवांचं रक्त तुटतं, म्हणून घड्याळ लावून बसावं लागतं.

एक्स-रेपासून बचावाचे लेड एप्रन आणि थायरॉइड कॉलर मोजताना भूलतज्ज्ञ आणि रक्त चढवणारी सिस्टर हमखास सुटतात. त्यांचेही धरा.

सगळं लागलं की रात्रपाळीच्या नवख्या सिस्टरला बोलवा, "सात फ्रेंच शीथ आणि मायक्रोकॅथेटर!" असं घाईत सांगा आणि ती किती कप्पे उघडते ते बघा. दोनाहून जास्त उघडले, तर लेबलं नव्याने लिहा.