पुण्याची चित्रं मगवर छापताय? या चुका टाळा

मगवर पुणं छापून हवं असलेलं गिऱ्हाईक दुकानात आलं की मागणी ठरलेली असते, "सगळं पुणं येऊ दे." शनिवारवाडा, विश्रामबागवाडा, पर्वती, लाल महाल, सगळं एका पट्टीत. स्क्रीनवर ती पट्टी झकास दिसते, मगवर तिचा चुरा होतो. नेहमीच्या ११ औंसी मगचा घेर साधारण २५ सेंटिमीटर. कानाजवळची जागा सोडली की छापायला २० च्या आसपास उरतात आणि समोरून नीट दिसतात ते सात-आठच. त्यात पाच वास्तू कोंबल्या की शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावरचे हत्तीला अडवणारे अणकुचीदार खिळे नाहीसे होतात, वरचा नगारखाना ठिपका होतो. एकच वास्तू घ्या, पण ऐसपैस.

ती कुठे टाकायची हेही बघा. कान उजवीकडे ठेवून मग समोर धरला की जी बाजू दिसते, ती उजव्या हाताने पिणाऱ्याची. मागची बाजू समोर बसलेल्याला दिसते. आम्ही चित्र दोन्हीकडे टाकतो, म्हणजे वादच नको.

आता माझी स्वतःची फजिती. पंचवीस मगांची ऑर्डर होती, लग्नात परतभेट म्हणून. चित्राखाली "शनिवारवाडा, १७३२" असं झोकात छापलं. डिझाइन मोबाइलवर मंजूर झालं, मगही तयार झाले. न्यायला आलेल्या आजोबांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "अहो, हा विश्रामबाग आहे." कोरीव लाकडी सज्जा समोर दिसत असताना मला दगडी तटबंदी आठवू नये! १७३२ साली वास्तुशांत झाली ती थोरल्या बाजीरावांच्या शनिवारवाड्याची. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाचा, एकोणिसाव्या शतकातला. तेव्हापासून नाव आणि साल छापण्याआधी मी एखाद्या पेठेतल्या माणसाला दाखवतो. त्याच नादात आणखी एक गोष्ट: शनिवारवाड्याच्या आतला मजल्यांचा महाल १८२८ च्या आगीत गेला. तो उभा दाखवणारी चित्रं बाजारात खूप आहेत, छापा खुशाल, पण खाली "काल्पनिक चित्र" एवढं लिहा.

चित्र आणायचं कुठून? जुनं, हक्क संपलेलं चित्र चालतं. आजच्या चित्रकाराचं इंटरनेटवरून उचललेलं चालत नाही, त्याला विचारा आणि पैसे द्या. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो दाबून लहान केलेला असतो. २० सेंटिमीटरला ३०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) सुमारे २,३६० पिक्सेल रुंदी लागते, म्हणून फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा.

मराठी अक्षरं हा वेगळाच ताप. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की कचरा दिसतो. युनिकोड असूनही डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय चालू नसेल, तर "दिल्ली"ची वेलांटी द ओलांडून पुढे जाते आणि जोडाक्षराचा पाय मोडतो. सेटिंग बदला, शब्द नीट वाचून घ्या, मग अक्षरं आउटलाइन करूनच, म्हणजे त्यांचे आकार बनवूनच, फाइल पाठवा.

सब्लिमेशनचा, म्हणजे उष्णतेने शाई मगवर उतरवायचा, कागद आरशासारखा उलटा छापावा लागतो. मजकूर असेल तर चूक लगेच कळते. मजकूर नसेल तर गंमत होते: शनिवारवाड्याचा दरवाजा दोन्हीकडून सारखाच वाटतो, पण त्याच्या पुढच्या पुतळ्यातला बाजीरावांचा घोडा उलट्या दिशेला तोंड करून उभा राहतो.

कागदावरचे रंग मेलेले दिसले म्हणून घाबरून शाई वाढवू नका. उष्णता लागल्यावरच ते उठतात. बहुतेक मशीनवर १८० ते २०० अंश आणि तीन मिनिटांच्या आसपास बसतं, तरी पहिला मग वाया जाणार असं धरूनच चाला. गार मग आत गेला की तापमान घसरतं, म्हणून डिसेंबरच्या सकाळी पहिला मग हमखास फिका निघतो. फक्त कानाजवळ फिका असेल तर दोष मशीनच्या दाबाचा. रंग जळकट निघाला तर वेळ कमी करा. पावसाळ्यात निळसर डाग उमटले तर कागदाला ओल आहे, आधी तो थोडा गरम करून वाळवा. आणि दुहेरी कडा दिसल्या तर कागद सरकलाय: उष्णता सोसणारी टेप घट्ट लावा, मग बाहेर काढल्यावर कागद एका झटक्यात ओढा.

काळ्या मगवर हे छापून द्या म्हणणाऱ्याला नाही म्हणा. या शाईत पांढरा रंगच नसतो, पांढरं दिसतं ते मगचंच.

मग परदेशी जाणार असेल तर आधी तुटतो तो कान. भेटीच्या खोक्यावर विसंबू नका. एक मोजा मगच्या आत, दुसरा कानाच्या भोकातून ओवून भोवती गुंडाळायचा, आणि मगच तो कपड्यांच्या मधोमध ठेवायचा.